दहाचं छप्पर

केटलिन ओहाशी हे नाव कदाचित आठवणार नाही, पण तिचा व्हिडिओ तुम्ही नक्की पाहिलेला असणार. जानेवारी २०१९, कॅलिफोर्नियातलं अ‍ॅनाहाइम, कॉलेजच्या संघांची जिम्नॅस्टिक्स स्पर्धा. एकवीस वर्षांची एक मुलगी जुन्या पॉप गाण्यांच्या तुकड्यांवर फ्लोअरभर नाचतेय, हवेत कोलांट्या घेतेय, उडी मारून थेट स्प्लिटमध्ये जमिनीवर आदळतेय आणि चेंडूसारखी उसळून पुन्हा वर येतेय. मागे तिच्या संघातल्या मुली तिच्याबरोबर प्रत्येक स्टेप करतायत. शेवटी बोर्डावर १० पैकी १०. यूसीएलए विद्यापीठाने टाकलेला हा व्हिडिओ काही दिवसांत कोट्यवधी लोकांनी पाहिला. आपल्याकडच्या फॅमिली ग्रुपांवरही तो फिरला आणि त्याखाली साधारण एकच वाक्य असायचं : बघा, आनंद असा असतो.

माझा मुद्दा या वाक्याबद्दल आहे. व्हिडिओ खोटा आहे किंवा तिचं हसू ओढूनताणून आणलेलं आहे, असं मला म्हणायचं नाही. पण 'आनंद' म्हणून तो शेअर केला की त्यातलं अर्धं काम अदृश्य होतं. हा आनंद कुठून आला, तो शक्य कशामुळे झाला, त्याची किंमत कोणी चुकवली आणि पैसे कोणाला मिळाले, हे सगळं फ्रेमच्या बाहेर राहतं. एखादी कलाकृती वाचायची असेल तर फ्रेमबाहेरचं थोडं आत आणावं लागतं. या दीड मिनिटाला मी कलाकृतीच म्हणतोय.

दोन व्हिडिओ

यूट्यूबवर ओहाशीचा आणखी एक जुना व्हिडिओ सापडतो. मार्च २०१३, अमेरिकन कप. ओहाशी तेव्हा पंधरा वर्षांची होती. २०११मध्ये ती अमेरिकेची ज्युनिअर राष्ट्रीय विजेती झाली होती आणि हा कप म्हणजे तिचं सीनिअर पदार्पण होतं. तिने तो जिंकला. दुसरी आली तिच्याच वयाची सिमोन बाइल्स. हो, तीच बाइल्स.

हे दोन व्हिडिओ लागोपाठ पाहिले तर ही एकच व्यक्ती आहे हे पटायला वेळ लागतो. २०१३मधली ओहाशी बीमवर, म्हणजे दहा सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीवर, एकामागून एक अवघड गोष्टी करते. हालचालीत कुठे ढिलाई नाही, चेहऱ्यावर काहीच नाही. सगळं अचूक आहे. पण पाहणाऱ्याला त्यात शिरायला जागा नाही.

त्यानंतर तिची एलिट कारकीर्द जवळजवळ संपलीच. पाठीचं फ्रॅक्चर, फाटलेले खांदे, शस्त्रक्रिया. वजनावरून आणि शरीरावरून आपल्याला कसं हिणवलं गेलं, हे तिने नंतर स्वतः सांगितलं. ती ऑलिंपिकच्या रस्त्यावरून उतरली, खालच्या पातळीवर खेळली आणि २०१५मध्ये यूसीएलएत दाखल झाली.

ही गोष्ट आता दंतकथेसारखी सांगितली जाते : दुष्ट एलिट, दयाळू कॉलेज, मधे एक प्रेमळ कोच. कोचचं नाव व्हॅलरी काँडोस फील्ड, सगळ्यांची 'मिस व्हॅल'. ती स्वतः कधी जिम्नॅस्ट नव्हती, बॅले नर्तकी होती. यूसीएलएत नृत्य बसवायला आली आणि पुढे मुख्य प्रशिक्षक झाली. सात राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून २०१९मध्ये ती निवृत्त झाली. तिने आपल्या भाषणात सांगितलंय की सुरुवातीच्या काळात ओहाशीने तिला स्पष्ट सांगितलं होतं, मला पुन्हा महान व्हायचं नाही.

हे वाक्य मला त्या व्हिडिओपेक्षा जास्त काळ पुरलं.

नियम बदलला की नाच बदलतो

मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे माझं लक्ष आधी स्कोअरिंगकडे जातं. माणूस कसा वागेल हे त्याच्या स्वभावापेक्षा बऱ्याचदा मोजपट्टीवरून जास्त कळतं.

१९७६च्या माँट्रिअल ऑलिंपिकमध्ये चौदा वर्षांच्या नादिया कोमानेचीला १० मिळाले, तेव्हा बोर्डावर १.०० दिसलं. कारण १०.०० दाखवण्याची सोयच त्या बोर्डात नव्हती. पुढची तीस वर्षं दहा हेच या खेळाचं छप्पर राहिलं. मग २००४ची अथेन्स ऑलिंपिक आली. दक्षिण कोरियाच्या यांग ते-यंगच्या पॅरलल बार्सवरच्या सेटची सुरुवातीची किंमत १० ऐवजी चुकून ९.९ धरली गेली आणि ऑल-अराउंडचं सुवर्ण अमेरिकेच्या पॉल हॅमकडे राहिलं. त्या वादानंतर २००६मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने पद्धतच बदलली. आता दोन गुण मिळतात. एक काठिण्याचा, त्याला वरची मर्यादा नाही. दुसरा सफाईचा, तो दहापासून खाली कापला जातो. दोन्हींची बेरीज म्हणजे स्कोअर.

याचा परिणाम आपल्याला दीपा कर्माकरमुळे माहीत आहे. रिओ २०१६च्या व्हॉल्ट फायनलमध्ये तिने प्रोदुनोव्हा मारली. चुकली तर मान मोडू शकेल अशी ही उडी. पण तिची काठिण्यपातळी ७.० होती आणि मर्यादित साधनांत तयार झालेल्या आगरतळ्याच्या मुलीला जगातल्या पहिल्या आठांत बसायला तोच एक दरवाजा उघडा होता. १५.०६६ गुणांसह ती चौथी आली, कांस्यपदक ०.१५ने हुकलं. मोजपट्टी म्हणत होती की धोका वाढव, दीपाने धोका वाढवला. यात वेडेपणा नव्हता, चोख हिशेब होता.

अमेरिकेतल्या कॉलेज जिम्नॅस्टिक्सने मात्र जुनं छप्पर ठेवलं. तिथे ठरावीक अवघड घटक पूर्ण केले की सेटची किंमत १० होते आणि तिथेच थांबते. त्यापुढे कितीही कठीण काही करा, एक दशांशही मिळत नाही. मग उरलेली ताकद कुठे जाणार? एलिट स्पर्धेत ती चौथ्या टम्बलिंग पासमध्ये जाते आणि दोन पासांच्या मधला वेळ बहुतेकदा दम खाण्यात जातो. कॉलेजमध्ये दोन-तीन पास पुरतात. मधली जागा मोकळी होते. त्या मोकळ्या जागेत नाच येतो, चेहरा येतो, प्रेक्षकांशी नजरभेट होते.

ओहाशीच्या त्या सेटचं सौंदर्य मला या जागेत दिसतं. तिच्या कोलांट्यांची उंची लक्षात राहतेच, पण त्यापेक्षा लक्षात राहतं ते उतरल्यानंतरचं पहिलं पाऊल. बहुतेक जिम्नॅस्ट पाय रोवतात, हात वर करतात, श्वास घेतात आणि मग नृत्याचा भाग 'सुरू' करतात. दोन वेगळ्या फाइल्स जोडल्याचं कळतं. ओहाशीच्या सेटमध्ये हा जोड सापडत नाही. पाय टेकले की पुढच्या ठोक्यावर कंबर हललेली असते. कोलांटी हाही नाचाचाच एक शब्द होतो. स्प्लिटमध्ये आदळून उसळण्याची ती जागा पाहा. आपल्याला क्षणभर वाटतं, लागलं हिला. आणि त्याच क्षणी ती वर आलेली असते, हसत. भीती आणि विनोद एकाच ठोक्यावर. तमाशात सोंगाड्या लोकांच्या पोटात गोळा आणून लगेच हसवतो, तसं हे टायमिंग आहे.

मोकळी जागा मिळाली म्हणून सगळ्यांनाच हे जमत नाही. मर्यादा कलाकार घडवत नाही, फक्त त्याची एका शर्यतीतून सुटका करते. वृत्तबद्ध कविता लिहिणाऱ्याला चरण किती लांब असावा यावर डोकं खपवावं लागत नाही. म्हणून ती चांगली होतेच असं नाही, पण चांगली होण्याचा प्रश्न दुसरीकडे सरकतो. ओहाशीच्या बाबतीत तो सरकला आणि तिच्याकडे उत्तर होतं.

कारखान्याचा माल

इथे प्रेमळ दंतकथा अडचणीत येते.

फ्लोअरवर जे दिसतं ते हसरं असलं तरी ते करणारं शरीर त्याच एलिट कारखान्यात तयार झालंय. तिने लहानपणी सिअ‍ॅटल सोडलं, ते जिम्नॅस्टिक्ससाठी. हजारो तासांची ती कमाई. उसळून परत येण्याची स्प्रिंग ही आनंदाची देणगी नाही. ज्या वर्षांनी तिचे खांदे फाडले, त्याच वर्षांनी ती दिली. 'बघा, दबाव काढला की कसं फुलतं' असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. आधी दबाव होता म्हणूनच काढता आला, असा त्रासदायक अर्थही यातून निघतो. मला तो अर्थ आवडत नाही, पण व्हिडिओ तो नाकारत नाही. तो फक्त लपवतो.

यूसीएलएतली जागासुद्धा तिला तिच्या एलिट नावामुळे मिळाली. महान व्हायचं नाही, हे म्हणण्याची मुभा तिला होती, कारण एकदा महान होऊन झालं होतं. माझ्या ऑफिसात वर्षातून दोनदा अप्रेझल होतं. तिथे 'अपेक्षेप्रमाणे' हा शेरा म्हणजे सौम्य शिक्षा समजली जाते. आधी कधी टॉपला न पोचलेल्या एखाद्याने मॅनेजरला सांगून पाहावं की सर, मला ग्रेट व्हायचं नाही, नीट काम करायचंय. ओहाशीच्या वाक्याला लोक टाळ्या वाजवतात. तेच वाक्य जेईईला दुसऱ्यांदा बसलेला मुलगा बोलला तर घरात शांतता पसरते. नकार देण्याचा हक्कसुद्धा रँक पाहून मिळतो.

यावर कोणी म्हणेल, मग तिने काय करायला हवं होतं? काहीच वेगळं नाही. प्रश्न तिचा नाहीच, तिची गोष्ट आपण कशासाठी वापरतो याचा आहे.

मागे नाचणाऱ्या मुली

आता कॅमेऱ्याच्या कडेला असलेल्या लोकांकडे या.

जानेवारी २०१८मध्ये, म्हणजे या व्हिडिओच्या बरोबर एक वर्ष आधी, अमेरिकन जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याला मिशिगनच्या न्यायालयात शिक्षा झाली. दीडशेहून अधिक मुलींनी आणि बायकांनी उभं राहून त्याने केलेल्या लैंगिक अत्याचारांबद्दल निवेदनं दिली. त्यांत २०१२च्या सुवर्णविजेत्या संघातली जॉर्डिन वीबर होती. ती तेव्हा यूसीएलएच्या प्रशिक्षक वर्गात होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काइला रॉस आणि मॅडिसन कोशियन या दोन ऑलिंपिक सुवर्णविजेत्या पुढे आल्या. दोघीही ओहाशीच्या संघातल्या.

त्या फ्लोअरच्या बाजूचा तो घोळका पाहताना आता हे विसरता येत नाही. आपण त्याला 'टीम स्पिरिट' म्हणून मोकळे झालो. पण त्या घोळक्यात अशा मुली होत्या ज्यांच्या शरीरावर या खेळातल्या मोठ्यांनी हक्क गाजवला होता, कोणी वजनकाट्यावर, कोणी उपचारांच्या टेबलावर. त्यांनी एकमेकींचे सेट पाठ करून बाजूला उभं राहून नाचणं म्हणजे 'चीअर' करणं एवढंच राहत नाही. तो त्या शरीराचा ताबा परत घेण्याचा सराव वाटतो. हा माझा अर्थ आहे, त्यांनी असं म्हटल्याचा माझा दावा नाही. पण एकदा हा अर्थ दिसला की 'क्यूट' हा शब्द तोंडातून निघत नाही.

याला बळ देणारी एक गोष्ट त्याच मोसमात घडली आणि व्हायरल झालेल्या गर्दीपैकी फार थोड्यांना ती कळली. मूळ सेटमध्ये मायकल जॅक्सनची गाणी होती. मार्च २०१९मध्ये जॅक्सनवर बालकांच्या लैंगिक शोषणाचे आरोप मांडणारा 'लीव्हिंग नेव्हरलँड' हा माहितीपट आला. ओहाशीने ती गाणी काढली आणि टीना टर्नर, जॅनेट जॅक्सन, बियॉन्से अशा गायिकांच्या संगीतावर सेट नव्याने उभा केला. मोसम ऐन शेवटाकडे आलेला, जगभर कौतुक झालेला सेट हातात, आणि तो ती मोडते. हिट झालेलं गाणं प्रयोगातून काढायला किती नाटक कंपन्या तयार होतील?

समीक्षेच्या अंगाने मला हा तिच्या कारकिर्दीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय वाटतो. कारण इथे कळतं की तिचा आनंद भोळा नव्हता. कशावर नाचायचं याचा विचार करणारा तो आनंद होता. पहिला व्हिडिओ जगाने पाहिला आणि 'ही किती निरागस' म्हटलं. दुसऱ्या सेटने त्याला उत्तर दिलं, पण ते ऐकायला तेवढे लोक थांबले नव्हते. व्हायरल होण्याचा हाच तोटा आहे. कलाकार पुढे जातो आणि त्याची क्लिप तिथेच फिरत राहते.

फुकटचा आनंद

आणि पैसे?

तेव्हाच्या कॉलेज क्रीडा नियमांनुसार विद्यार्थी खेळाडूला आपल्या नावावर, चेहऱ्यावर, व्हिडिओवर एक डॉलरही कमावता येत नव्हता. स्कॉलरशिप मिळते, ती पुरे. विद्यापीठाचं नाव जगभर झालं, प्लॅटफॉर्मांना व्ह्यूज मिळाले, वाहिन्यांना मजकूर मिळाला. जिने तो सेट केला तिला काही नाही. कॉलेज संपल्यावर, ऑक्टोबर २०१९मध्ये, तिने 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये हेच मांडलं : माझ्या कारकिर्दीतून माझ्याखेरीज सगळ्यांनी कमावलं. मुली असल्यामुळे हे आणखी बोचतं, असंही तिचं म्हणणं होतं. बास्केटबॉल किंवा अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या मुलांना कॉलेजनंतर व्यावसायिक लीग असते, महिला जिम्नॅस्टला तशी कोणतीच लीग नाही. तिची किंमत सर्वांत जास्त असते त्याच वर्षांत ती विकायला मनाई.

जुलै २०२१मध्ये नियम बदलला. त्यानंतर टोकियोची ऑल-अराउंड विजेती सुनी ली ऑबर्न विद्यापीठात खेळत असताना जाहिरातींतून रीतसर कमवू शकली. ओहाशी दोन वर्षं आधी बाहेर पडली होती. ऑलिंपिकच्या वेळीही असंच झालं होतं. २०१२साठी त्या वर्षात सोळा पूर्ण होणं आवश्यक होतं आणि तिचा जन्म एप्रिल १९९७चा, म्हणजे साधारण साडेतीन महिन्यांनी ती हुकली. तिच्या कारकिर्दीचे दोन्ही मोठे दरवाजे तारखांनी बंद केले. 'मेहनत करा, फळ मिळेल' या वाक्यात कॅलेंडरचा उल्लेख कधीच नसतो.

बाइल्सचं काय करायचं?

माझ्या या वाचनाला एक मोठी अडचण आहे आणि तिचं नाव सिमोन बाइल्स. कॉलेजच्या छपराखाली आनंद आणि एलिटच्या मोकळ्या आकाशाखाली दुःख, असा सरळ हिशेब असता तर पॅरिस २०२४ घडायला नको होतं. टोकियोत सांघिक फायनल अर्ध्यावर सोडलेली बाइल्स सत्तावीसाव्या वर्षी परत आली, तीन सुवर्णं जिंकली आणि ते सगळं त्याच अमर्याद काठिण्याच्या पद्धतीत, जगातल्या सर्वांत अवघड उड्या मारून. आणि ती हसत होती.

म्हणजे छप्पर ही एकमेव अट नाही. २०१३च्या त्या कपमधल्या दोघी पंधरा वर्षांच्या मुलींपैकी एकीला मोकळेपणा मर्यादेत सापडला, दुसरीला अमर्यादेत. दोघींत समान काय? दोघींनाही तो सापडला मोठ्या झाल्यावर, 'नाही' म्हणून झाल्यावर. ओहाशीने महान व्हायला नकार दिला, बाइल्सने ऐन फायनलमध्ये उडी मारायला. नकार दिल्यानंतर जे उरलं ते त्यांचं स्वतःचं होतं. एकीचं फ्लोअरवरचं दीड मिनिट, दुसरीची व्हॉल्टवरची उंची.

हे मान्य केलं की नियमांवरचा माझा भर थोडा कमी होतो, पण जात नाही. नकार द्यायला जागा लागते, आणि ती जागा कोणीतरी नियमांत ठेवावी लागते. पंधराव्या वर्षी दोघींकडेही ती नव्हती. खेळातल्या मुली इतक्या लहान आणि त्यांच्यावर अधिकार गाजवणारे इतके मोठे असताना ती कशी असणार? ओहाशीच्या व्हिडिओकडे आपण आनंदाचं प्रात्यक्षिक म्हणून पाहतो. मला तो उशिरा मिळालेल्या जागेचा पुरावा वाटतो.

तो पुन्हा कधी स्क्रीनवर आला तर एकदा ओहाशीला सोडून बाकीच्यांकडे पाहा. डावीउजवीकडे उभ्या मुली काउंट न चुकवता तिच्यासोबत नाचतायत. त्यांना कोणी गुण देत नाही, त्यांच्यासमोर परीक्षक नाहीत, व्हायरल व्हायचं त्यांच्या डोक्यातही नाही. दहा गुण मधल्या मुलीला मिळाले. पण ते दहा ज्या जागेमुळे शक्य झाले, ती जागा धरून या सगळ्या उभ्या होत्या.